टिटवीचा वरचा सूर

सुट्टीच्या दिवशी सकाळी कानसेनच्या गॅरेजात जितक्या गाड्या पळत, तितक्या एखाद्या शर्यतीतही पळत नसतील. इथे त्या तोंडाने पळत, एवढंच. शटर अर्धं वर गेलं, की सुसाट आणि मास्तर आपापल्या जागा पकडत. सुसाट जुन्या टायरांच्या चळतीवर, कारण तिथून त्याला दुखरा गुडघा लांब सोडता येई. मास्तर गॅरेजातल्या एकुलत्या एक धड खुर्चीवर, कारण ती खुर्ची त्यानेच घरून आणली होती. मग चहा येई आणि वेग वाढत जाई.

“बंधाऱ्यावरच्या रस्त्याला मी वेगाचा काटा पार शेवटाला टेकवला होता,” सुसाट म्हणे.

“गेल्या वर्षी ‘टेकत आला होता’ म्हणालास,” मास्तर म्हणे.

“मग वर्षभरात टेकला. तुझं काय जातंय?”

“अरे, त्या गाडीला काटाच नव्हता. वजन कमी करायचं म्हणून तूच उपटून फेकला होतास.”

सुसाट एके काळी खरोखर सुसाट होता. आता तो स्कूटर चालवतो, रस्त्याच्या कडेकडेने, आणि वळायच्या कितीतरी आधीपासून हात दाखवत राहतो. मास्तर शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. कुठल्या इंजिनातून आणखी किती ताकद निघेल ते तो कागदावर गणित मांडून दाखवी, आणि तेवढी ती निघाली नाही, तर चूक गणिताची कधीच नसे, इंजिनाची असे. 

आणि कानसेन. गॅरेज त्याचं, वरचं घरही त्याचं. गाण्याच्या बैठकीत नुसता बसून ऐकणारा जो दर्दी असतो, त्याला कानसेन म्हणतात. हा इंजिनं ऐकायचा. चढावरून येणाऱ्या गाडीचं कोणतं बेअरिंग जायला आलंय, चेन किती सैल आहे, साखर खाल्ल्यासारखा कुरकुर करणारा क्लच कुणाच्या हातामुळे खराब झालाय, हे तो डोळे मिटून सांगे. एकदा त्याने एका गिऱ्हाइकाला सांगितलं होतं, की गाडीत काही बिघाड नाही, तुमच्या खिशातला किल्ल्यांचा जुडगा टाकीवर आपटतोय. तेव्हापासून त्याचं खरं नाव आईखेरीज कुणी घेतलं नाही, आणि आई गेल्यावर तेही बंद झालं.

या तिघांचा एक रिवाज होता. गॅरेजसमोरचा रस्ता चढाचा. खाली गोदामांपाशी गाडी उभी करायची, तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पार पिळायची आणि गॅरेजवरून थेट वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत न्यायची. त्या वेळी कानसेन रस्त्याकडे पाठ करून उभा राही. डोळे फसवतात, असं त्याचं म्हणणं. चकचकीत टाकी दिसली, की आवाजही चकचकीत वाटायला लागतो. गाडी गेली, की तो हात वर करी किंवा आडवा करी. वर केला तर शर्यतीला जायचं. आडवा केला तर गाडी खोलायची, मग शर्यत डोक्यावर आलेली का असेना. त्यावर वाद नाही. या रिवाजाला ते ‘कान लावणं’ म्हणत.

कान लावण्याचा मान त्याला फुकट मिळाला नव्हता. त्यांच्या तरुणपणी त्या तिघांत मिळून एकच शर्यतीची मोटारसायकल होती. टू-स्ट्रोक, हलकी, चिडकी, आणि मूठ पिळली की अशी काही किंचाळणारी, की तिचं नाव टिटवी पडलं. भंगारातून आणलेलं इंजिन, मास्तरच्या गणिताप्रमाणे रुंद केलेली सिलिंडरची भोकं, म्हणजे पोर्टं, पत्र्याचे शंकू जोडजोडून बनवलेला फुगीर सायलेन्सर. त्या सायलेन्सरच्या आत आवाज कमी करणारं काहीही नव्हतं, कारण आवाज कमी करणं म्हणजे पाप, अशी त्या वयात तिघांची श्रद्धा होती. पहाटे रस्ते रिकामे असताना ते बंधाऱ्यावर जात. जळक्या तेलाचा तो निळा धूर, गार वारा, आणि लांबून जवळ येत जाणारी टिटवीची आरोळी. त्या पहाटा आठवल्या, की कानसेनला अजून छातीत काहीतरी हलल्यासारखं होई. माणूस पुढे संसार करतो, चार पैसे मिळवतो, लोक त्याला काका म्हणायला लागतात. पण तेवढं सुख पुन्हा कुठे होतं, हे त्याने कुणाला न सांगता कबूल करून टाकलं होतं.

तर त्या दिवसांत, एका मोठ्या शर्यतीच्या आधी, टिटवी चढावरून अशी झोकात गेली, की बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि पाठमोऱ्या कानसेनने हात आडवा केला. सुसाट त्याच्या अंगावर धावून गेला होता. पण इंजिन खोललं, तेव्हा पिस्टनच्या माथ्याची कड वाळवी लागल्यासारखी खाल्लेली निघाली. सिलिंडरमध्ये पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली होती, स्फोट वेळेआधी होत होते. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. मोठ्या आवाजाच्या वर एक बारीक, उंच किणकिण असते, बस्स. ती ऐकू आली नाही, तर भर वेगात पिस्टन वितळतो, इंजिन जाम होतं, मागचं चाक जागच्या जागी थिजतं आणि स्वार कुठे जाऊन पडेल ते सांगता येत नाही. सुसाट त्या दिवशी जरा वेळ नुसता पिस्टन हातात घेऊन बसला. त्यानंतर कान लावल्याशिवाय कुणी शर्यतीला गेलं नाही.

पुढे सुसाट पडला, तो वेगळ्याच कारणाने. वळणावर वाळू होती. गुडघ्याचा भुगा झाला, टिटवी दुसऱ्या दिवशी हातगाडीवरून घरी आली आणि गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेली. ती तिथेच राहिली असती, पण सुसाटची लेक मोठी झाली. 

लेक दातांची डॉक्टर. तिघंही तिला ठिणगी म्हणत. दिवसभर लोकांच्या तोंडात ड्रिल फिरवून हिचं पोट भरत नसावं, म्हणून सुट्टीच्या दिवशी ती गॅरेजात येऊन बसू लागली. बाप शर्यतींच्या बाता मारी, ती ऐके, आणि एके दिवशी तिने ताडपत्री ओढून काढली. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर दरवर्षी सरळ रेषेतली शर्यत होते, तिच्यात जुन्या गाड्यांचा वेगळा गट असतो. तिला टिटवी घेऊन उतरायचं होतं.

बाप आधी नाही म्हणाला. मग गुडघ्याकडे बोट दाखवून नाही म्हणाला. शेवटी म्हणाला, “कान लागला तर जा.”

गेले काही महिने म्हणजे त्या तिघा म्हाताऱ्यांची दिवाळीच झाली होती. मास्तरने नव्याने गणितं मांडली. सिलिंडरचं हेड थोडं घासून दाब वाढवला, पोर्टं पुन्हा रेतली, कार्ब्युरेटर उघडून प्रत्येक भोक फुंकून साफ केलं. सुसाट काहीच करत नसे, पण सगळ्यांत जास्त दमे. “हळू! ती गाडी आहे, दाढ नाही,” तो लेकीवर ओरडे. आणि ती म्हणे, “बाबा, दाढेला भूल देता येते, तुम्हाला नाही देता येत.”

सगळे आनंदात होते. एकटा कानसेन रात्री कूस बदलत पडे.

कारण त्याला उंच आवाज ऐकू येईनासे झाले होते.

हे त्याला आधी कळलंच नाही. मागच्या झाडावर पाखरं येईनाशी झाली, असं तो एकदा बायकोला म्हणाला. तिने झाडाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “येतात की.” विषय तिथेच संपला. मग फोनची घंटी. मग दारावरची बेल. शेवटी तो कुणाला न सांगता कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. तो बटणावर अंगठा ठेवून तपासणी सुरू व्हायची वाट बघत बसला, तोच दार उघडून बाई म्हणाली, झालं, या बाहेर.

डॉक्टरने विचारलं, “मोठ्या आवाजात काम केलंय का?”

“मोठ्या नाही,” तो म्हणाला, “चांगल्या आवाजात.”

खालचे सूर शाबूत होते. गिअरची घरघर, क्रँकची धडधड त्याला पूर्वीसारखीच कळे. बाकीचं तो निभावून नेई. टाकीवर तळवा ठेवून थरथर ओळखे, स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावे. गिऱ्हाइकांना ते उलट फार भारी वाटे. पण चढावर, मूठ पूर्ण पिळलेली असताना, ती वरची किणकिण तळव्याला कळत नाही. आणि कानसेनला कान नाहीत, हे तो कुठल्या तोंडाने सांगणार होता? त्याच्याकडे दुसरं काय होतं? सुसाटकडे निदान बाता होत्या, मास्तरकडे गणित होतं.

शर्यतीचा दिवस उजाडला. शर्यत दुपारची. टेम्पो दाराशी येऊन उभा होता. आदल्या दिवशी गाडी सावकाश फिरवून मास्तरने स्पार्क प्लग काढून पाहिला होता. बिस्किटाच्या रंगाचा, अगदी हवा तसा. आता फक्त कान लावायचा राहिला होता.

ठिणगी गाडी घेऊन खाली गोदामांपाशी गेली. कानसेन रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला. समोर गॅरेजची भिंत, भिंतीवर टांगलेले पाने. त्याने डोळे मिटले.

टिटवी आली. पायाखालची जमीन हलली, ओळखीचा धक्का पाठीवर बसला. खालचा सगळा आवाज होता, भरदार, एकसंध. वरचं काही नव्हतं. वर शांतता होती, दुधावरची साय कुणी अलगद काढून न्यावी तशी. किणकिण नव्हती, की त्याला ऐकू आली नव्हती? पूर्वी त्याला ‘आहे’ आणि ‘नाही’ दोन्ही ऐकू येत. आता दोन्ही सारखंच झालं होतं.

“काय?” सुसाटने विचारलं.

“पुन्हा एकदा.”

पूर्वी कधी त्याला दुसऱ्यांदा ऐकावं लागलं नव्हतं. ठिणगी मुकाट्याने वळून खाली गेली, पुन्हा आली. पुन्हा तेच. 

“मास्तर, तुला कशी वाटली?” त्याने वळून विचारलं.

मास्तर चपापला. “मला काय विचारतोस? तू सांग.”

“मला तर झकास वाटली,” सुसाट म्हणाला. तो टायरांवरून उठून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती, की ती बघवेना. लेकीची शर्यत होती, पण तो स्वतःच निघाल्यासारखा दिसत होता. ठिणगीने हेल्मेटची काच वर केली. सगळे त्याच्या हाताकडे बघत होते.

हात वर करणं किती सोपं होतं. बहुतेक गाडी चांगलीच असेल. प्लग चांगला होता, गणित चांगलं होतं. कानसेनने हात वर केला.

सुसाटने आरोळी ठोकली. मास्तरने टेम्पोची मागची फळी पाडली. ठिणगी इंजिन बंद करून गाडी ढकलत टेम्पोकडे निघाली आणि जाता जाता म्हणाली, “थँक यू, काका. तुम्ही हो म्हणालात ना, आता मी मूठ सोडणारच नाही.”

कानसेन तिच्या मुठीकडे बघत राहिला. ही पोर आता धावपट्टीच्या टोकापर्यंत मूठ सोडणार नव्हती. कशाच्या जोरावर? तर त्याच्या.

“थांब,” तो म्हणाला. मग पुढे होऊन त्याने गाडीचं हँडल धरलं. “थांब. मला ऐकू येत नाही.”

“काय?” सुसाट टेम्पोमागून म्हणाला.

“मला ऐकू येत नाही!” कानसेन ओरडला. “वरचे आवाज गेलेत माझे. किणकिण असली तरी मला कळणार नाही. मी उगाच हात वर केला. ही गाडी चांगली आहे की नाही, मला माहीत नाही.”

त्याला वाटलं, आता सुसाट अंगावर येईल, पूर्वीसारखा. यायलाच हवा होता. पण सुसाट खाली बघून गुडघा चोळत उभा राहिला, आणि मास्तरने चष्मा काढून शर्टाला पुसायला घेतला. पुसता पुसता तो म्हणाला, “मलाही येत नाही.”

“काय येत नाही?”

“ते वरचं. शाळेत पोरं मागून काय बोलतात ते शेवटची काही वर्षं मला कळतच नव्हतं. त्यांना वाटायचं, मास्तर फार सहनशील आहेत. इथे मी तुझ्या हाताकडे बघून मान डोलावतो.”

सगळ्यांनी सुसाटकडे पाहिलं.

“मी मास्तरच्या मानेकडे बघतो,” सुसाट म्हणाला.

मास्तरला हसू फुटलं. त्याचं बघून सुसाटला. आवाज कमी करणं म्हणजे पाप मानणाऱ्या त्या तीन शहाण्यांना त्यांच्या टिटवीने एकाच मापाचं बहिरं करून ठेवलं होतं, आणि तिघंही एकमेकांच्या कानांवर विसंबून वर्षानुवर्षं गप्पा छाटत होते. कानसेनला हसू येत नव्हतं. पण छातीवरचा दगड उतरला होता, हेही खरं.

ठिणगीला मात्र त्यात काही विनोद दिसला नाही. तिने हेल्मेट काढलं. “छान. म्हणजे तुम्हा तिघा बहिऱ्यांच्या भरवशावर मी तिथे जाऊन मूठ पिळणार होते? बाबा, तुम्ही टीव्हीवर खालच्या अक्षरांशिवाय काही बघत नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं!”

“तुला काही ऐकू आलं का गाडीवर?” मास्तरने विचारलं.

“कानात बोळे, वर हेल्मेट. मला माझं ओरडणंही ऐकू येत नाही.”

“मग आता कान कुणी लावायचा?”

तेवढ्यात कानसेनची बायको चहाचा ट्रे घेऊन वरून उतरली. त्या दोघांची वहिनी. इतक्या वर्षांत तिने गॅरेजच्या बोलण्यात कधी भाग घेतला नव्हता. चहा ठेवायचा, रिकामे कप उचलायचे आणि ‘कानठळ्या बसल्या बाई’ म्हणत वर जायचं, हाच तिचा शिरस्ता. आज तिने ट्रे ठेवला आणि चौघांचे चेहरे पाहिले.

“आज काय झालं? गाडी नाही जात का?”

“इंजिनात एक बारीक आवाज असतो, वहिनी,” मास्तर समजावू लागला, “म्हणजे असला तर धोका असतो. तो आहे की नाही ते...”

“ती किणकिण ना?” ती म्हणाली. “मला वाटलं, तुम्ही ती मुद्दाम ठेवलीय.”

मास्तरचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

“कसली किणकिण?” कानसेनने हळूच विचारलं.

“ट्रेमध्ये कपबशा हलल्यासारखी. दोन्ही वेळेला होती. टाकीपाशी पोचताना जास्त. त्या साली तुम्ही हात आडवा केलात आणि भावजी भांडले, त्या दिवशी अशीच होती. एरवी टिटवीला ती कधीच नसते.”

“तुला त्या दिवशीची आठवतेय?”

“न आठवायला काय झालं?”

पुन्हा एकदा चढावरून गाडी न्यायला कुणी धजावलं नाही. कानसेनने तिथेच प्लग खोलला. बिस्किटाच्या रंगाच्या चिनी मातीवर बारीक चकाकणारे कण चिकटले होते. पिस्टनचे कण. सुसाटने ते पाहिलं. आता तो हसत नव्हता. त्याने लेकीचा हात धरला, आणि एरवी लगेच हात सोडवून घेणारी ती पोर तशीच उभी राहिली.

पुढचं काम कानसेनचं होतं आणि त्यात त्याचा हात अजून कुणी धरला नसता. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणारं जेट त्याने एक माप मोठ्या भोकाचं घातलं. घासलेल्या हेडखाली जाड गॅस्केट बसवून वाढवलेला दाब थोडा उतरवला. “माझ्या गणितात सकाळची गार हवा धरायची राहिली,” मास्तर पुटपुटला. गणितात चूक असल्याचं त्याने कबूल करण्याची ही पहिलीच वेळ होती, पण तिची मजा घ्यायला कुणाला सवड नव्हती. 

मग कानसेन बायकोला म्हणाला, “उभी राहतेस?”

“मला काय कळतं त्यातलं?”

“मला कळत नाही ते.”

ती हात पुसत रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली. त्याने सांगितलं, पाठ कर, डोळे मिट. तिने ऐकलं नाही. रस्त्याच्या खालच्या टोकाकडे तोंड करून, डोळे उघडे ठेवून उभी राहिली. 

टिटवी आली आणि गेली. कानसेनने रस्त्याकडे पाहिलंच नाही, तो तिच्याकडे बघत होता.

“गेली किणकिण,” ती म्हणाली. “आता आपली टिटवी.”

‘आपली’ असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती.

“मग हात वर कर,” तो म्हणाला. “मान तुझा.”

सुसाट आणि मास्तर गंभीर चेहऱ्याने वाट बघत होते. चढावर, टाकीपाशी, ठिणगी वळून बघत होती. पण वहिनीने दोन्ही हात पोटाशी धरले.

“मी नाही हात करणार,” ती म्हणाली. “मी कधी कुणाला ‘जा’ म्हटलेलं नाही. भावजी, तुमची लेक आहे, तुम्ही म्हणा.”

“पण वहिनी, तुमचे कान तर याच्याहून तयार! कुठे शिकलात?” मास्तरने विचारलं.

“शिकायचं काय त्यात? हे गाड्या जाताना ऐकायचे. जाताना सगळ्याच गाड्या चांगल्या वाजतात. मी येताना ऐकायची.” मग कप गोळा करता करता ती म्हणाली, “टिटवी वळणावरूनच कळायची. तुमची रोजची गाडी तिच्या मागून यायची, घशात खाकरत. यांची सगळ्यांत शेवटी. टिटवी आली की मी चहा टाकायची. भावजी पडले त्या संध्याकाळी दोनच आवाज आले. टिटवी नव्हती. तुम्ही दोघं दारात येऊन सांगायच्या आधीच मी खाली बसले होते.”

सुसाटने तोंड फिरवलं. मग चढाकडे वळून, गुडघ्यावर भार देऊन, त्याने हात वर केला. अगदी हळू, वजन उचलल्यासारखा.

टिटवी टेम्पोत चढली. मास्तर पुढे बसला, सुसाटने स्कूटर काढली. जाताना गाडी टेम्पोतून गेली तरी येताना स्वतःच्या चाकांवर यायची, हा त्यांचा जुना हट्ट होता, आणि ठिणगीने तो आनंदाने उचलला होता.

“चल, बस,” मास्तरने दार उघडं धरलं.

“तुम्ही व्हा पुढे,” कानसेन म्हणाला. “मी थांबतो घरी.”

अशी एकही शर्यत नव्हती, की ज्या दिवशी तो घरी थांबला होता.

दुपार सरता सरेना. बायको पायरीवर शेंगा सोलत बसली, तो शेजारी बसला. चार शेंगा त्यानेही सोलल्या, वाईट सोलल्या. मग फोन काढला.

“करू नका,” ती म्हणाली. “पोर गाडीवर असेल, वाजला तर लक्ष जाईल.”

त्याने फोन ठेवून दिला. थोड्या वेळाने विचारलं, “तू काय करायचीस एवढा वेळ?”

“काम. काम कुठे संपतं?”

“आणि आम्ही खिडकीखालून ओरडत निघायचो, तेव्हा?”

“तेव्हा रागवायची तुमच्यावर. आवाजाचा राग आलाय, असं वाटायचं तुम्हाला.”

“एकदा तरी सांगायचंस.”

“सांगितलं असतं तर थांबला असतात?”

खोटं बोलायची संधी होती. त्याने त्या पहाटा आठवल्या, निळा धूर, गार वारा. “नाही,” तो म्हणाला.

“मग?” ती म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तेच त्याला जास्त लागलं.

ऊन उतरलं. गोदामांच्या सावल्या रस्त्यावर आल्या. कानसेन मान पुढे काढून, डोळे मिटून, सगळं बळ कानांत आणून ऐकत होता. कुठेतरी ट्रक घरघरत होता. कुठेतरी मोटार बंद झाली. बाकी काही नाही. त्याला वाटलं, आत्तापर्यंत यायला हव्या होत्या. मग वाटलं, हे आपल्याला आधीच वाटून गेलंय. छातीत एक चमत्कारिक भीती बसली होती, जिला करायला काही काम नव्हतं. पाना फिरवता येत नव्हता, जेट बदलता येत नव्हतं. त्याने डोळे उघडून बायकोकडे पाहिलं. तिची बोटं शेंगांवर चालू होती आणि नजर रस्त्याच्या खालच्या टोकावर होती.

मग तिची बोटं थांबली.

त्याला काहीही ऐकू येत नव्हतं. रस्ता रिकामा होता.

“आली,” ती म्हणाली. “मागे स्कूटर आहे.” आणि तिचे खांदे हळूहळू खाली आले. ते इतका वेळ वर चढलेले होते, हे शेजारी बसूनही त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आणि त्या आधीच्या सगळ्या संध्याकाळी तर तो शेजारीही नव्हता.